जोशीमठ : एका डोंगरी गावाची शिरगणती

एखाद्या गावाचा इतिहास लिहावयाचा तर साधारणपणे राजे, लढाया आणि देवळे यांच्यापासून सुरुवात केली जाते. प्रशासनात काम करणाऱ्या माणसाला आणखी एक दार उपलब्ध असते, ते म्हणजे खानेसुमारीचे कोष्टक. गावात माणसे किती होती, ती केव्हा वाढली, का वाढली आणि मोजणाऱ्याने ती कोणत्या ऋतूत मोजली, हे प्रश्न क्रमाने विचारीत गेलो की गावाचे अर्थकारण आपोआप उलगडत जाते. हिमालयातील जोशीमठ हे गाव या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. जानेवारी 2023 मध्ये तेथील घरांना पडलेल्या भेगा देशभर दाखविल्या गेल्या आणि काही आठवड्यांतच तो विषय मागे पडला. परंतु त्या भेगांचा हिशेब पन्नास-साठ वर्षे मागे जातो, आणि त्यातील बरीचशी बाकी अद्याप फिटलेली नाही.

प्रथम आकडे पाहू. 1872 साली जोशीमठची लोकसंख्या 455 होती. 1881 मध्ये ती 572 झाली. 1900 च्या सप्टेंबरमधील गणनेत ती 468 भरली. 2001 मध्ये ती सुमारे 13 हजार होती आणि 2011 मध्ये 16,709. म्हणजे 1881 ते 2011 या एकशेतीस वर्षांत गाव सुमारे एकोणतीस पट झाले. डोंगर मात्र तेवढाच राहिला. हे झाले ढोबळ चित्र. या प्रत्येक आकड्यामागे एक निराळी कथा आहे आणि ती समजून घेतल्याखेरीज आकड्यांना अर्थ नाही.

उत्तराखंडाच्या चमोली जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे 1,900 मीटर उंचीवर, उतारावर हे गाव वसले आहे. खाली विष्णुप्रयागास धौलीगंगा अलकनंदेस मिळते. ऋषीकेशहून येणारा रस्ता येथून पुढे बदरीनाथकडे जातो, एक फाटा धौलीगंगेच्या कडेने तपोवन, मलारी आणि नीती खिंडीकडे वळतो, आणि वरच्या बाजूस औलीची कुरणे आहेत. गावाचे नाव वाचून मराठी माणसाला आपल्याकडील आडनाव आठवेल, पण त्याचा येथे संबंध नाही. ‘ज्योतिर्मठ’ या नावाचे लोकांच्या तोंडी झालेले हे रूप आहे. आद्य शंकराचार्यांनी स्थापिलेल्या चार पीठांपैकी उत्तरेचे पीठ येथे आहे. जून 2024 मध्ये केंद्र सरकारच्या मान्यतेने जोशीमठ तहसिलीचे नाव ज्योतिर्मठ असे करण्यात आले. जुने नाव लोकांच्या तोंडी इतके रुळले आहे की या लेखात मी तेच वापरतो.

मठाच्याही आधी येथे राजधानी होती असे परंपरा सांगते. पांडुकेश्वर येथे जतन झालेल्या ताम्रपटांतून कत्यूरी राजांची ‘कार्तिकेयपुर’ ही राजधानी आपणास कळते, आणि ती मूळ जोशीमठ परिसरात होती असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे कत्यूरी घराणे कुमाऊँतील बैजनाथच्या खोऱ्यात गेले. का गेले, याची एक लोककथा आहे. राजा शिकारीस गेला असता नरसिंह मनुष्यरूपाने राजवाड्यात आला. राणीने त्यास जेवू घातले आणि तो राजाच्या शय्येवर झोपी गेला. परतलेल्या राजाने रागाने त्याच्या हातावर तलवार चालविली, तेव्हा रक्ताऐवजी दूध वाहिले. देवाने राजास हे स्थान सोडून जाण्याची आज्ञा केली. जोशीमठच्या नरसिंह मंदिरातील मूर्तीचा एक हात दिवसेंदिवस बारीक होत आहे, तो गळून पडेल त्या दिवशी डोंगर एकमेकांस भिडतील आणि बदरीनाथची वाट बंद होईल, अशी श्रद्धा आजही आहे.

या कथेकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. भाविक ती भविष्यवाणी म्हणून ऐकतो. काही अभ्यासकांनी मात्र तिच्यात दरडी कोसळून राजधानी सोडावी लागल्याची अंधुक आठवण असावी असे म्हटले आहे. ऐतिहासिक पुराव्याच्या कसोटीवर हा निष्कर्ष सिद्ध झालेला नाही. तरीही ज्या लोकांनी ही कथा पिढ्यानुपिढ्या सांगितली, त्यांना आपल्या पायाखालची जमीन कायमची नाही हे ठाऊक होते, एवढे निश्चित म्हणता येते.

पुढील अनेक शतके जोशीमठचे अर्थकारण दोन गोष्टींवर चालले, देवस्थान आणि तिबेटचा व्यापार. दोन्ही ऋतूंनुसार चालणारे होते. बदरीनाथचे मंदिर हिवाळ्यात बंद होते. मंदिराचे मुख्य पुजारी, म्हणजे रावळ, हे केरळातील नंबुद्री ब्राह्मण असतात. मंदिर बंद झाले की शंकराचार्यांची गादी जोशीमठच्या नरसिंह मंदिरात येते, तर उद्धव आणि कुबेर यांच्या मूर्ती पांडुकेश्वरास जातात. पूर्वी या काळात देवस्थानाचा सारा परिवारच खाली उतरत असे. दुसरीकडे नीती आणि माणा या खोऱ्यांतील भोटिया व्यापारी उन्हाळ्यात खिंडी ओलांडून तिबेटात जात. येथून धान्य, गूळ आणि कापड जाई, तिकडून मीठ, लोकर आणि टाकणखार येई. हिवाळ्यात हेच लोक आपल्या शेळ्यामेंढ्यांसह खालच्या गावांत उतरत. वर्षभर एकाच जागी राहणे ही मैदानी माणसाची कल्पना आहे. हिमालयातील या भागात घर म्हणजे दोन घरे, आणि गाव म्हणजे दोन गावे.

आता 1900 सालच्या आकड्याकडे परत येऊ. देशाची मुख्य गणना 1 मार्च 1901 रोजी झाली, पण हिमालयाच्या उंच भागांत बर्फामुळे ती आधीच उरकावी लागे. जोशीमठची गणना सप्टेंबरमध्ये झाली. त्या वेळी बदरीनाथचे मंदिर उघडे होते आणि पुजारी व सेवक वरच होते. परिणामी 1881 च्या 572 वरून संख्या 468 वर आली. हा आकडा वाचून एखाद्याने ‘एकोणीस वर्षांत गावाची लोकसंख्या अठरा टक्क्यांनी घटली’ असे अनुमान काढले असते तर ते पूर्णपणे चुकीचे ठरले असते. त्या सप्टेंबरात गावाचा एक भाग केवळ दुसरीकडे कामावर होता. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण तो पुढे निराळ्या स्वरूपात पुन्हा भेटणार आहे.

गढवालच्या राजकीय इतिहासाने या लहान गावाला फारसे हलविले नाही. 1803 च्या भूकंपाने गढवालचे अतोनात नुकसान केले, त्यापाठोपाठ 1804 पासून गोरखा राजवट आली, आणि 1815 मध्ये इंग्रजांनी ती हटविली. अलकनंदेचे हे खोरे ब्रिटिश गढवालात गेले. कुमाऊँचा आयुक्त ट्रेल याच्या कारकिर्दीत सदावर्ताच्या उत्पन्नातून यात्रामार्ग सुधारण्याचे काम झाले. धर्मादाय निधीचा पैसा रस्त्यावर खर्च करणे ही त्या काळातील एक लक्षणीय प्रशासकीय सूज्ञता म्हणावी लागेल. या मार्गाशी आपलेही नाते आहे. अहिल्याबाई होळकर यांनी देशभरच्या तीर्थक्षेत्रांत जी कामे केली, त्यांत बदरी-केदारकडील धर्मशाळांचा समावेश आहे. पायी चालणारा यात्रेकरू टप्प्याटप्प्यावरच्या चट्टीत मुक्काम करी आणि पुढे निघे. त्याने गावाला रोजगार दिला, पण गावावर बोजा टाकला नाही. ज्योतिर्मठाचे पीठ स्वतः 1776 पासून 1941 पर्यंत रिक्त होते, 1941 मध्ये स्वामी ब्रह्मानंद सरस्वती यांची तेथे स्थापना झाली. म्हणजे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जोशीमठ हे एक शांत, छोटे मुक्कामाचे ठिकाण होते.

हे चित्र बारा वर्षांत बदलले. 1950 मध्ये चीनचे सैन्य तिबेटात शिरले. 29 एप्रिल 1954 च्या भारत-चीन करारात व्यापारासाठी ज्या सहा खिंडींची नावे आली, त्यांत माणा आणि नीती या दोन होत्या. परंतु त्याच वर्षी नीती खिंडीजवळच्या बाराहोती कुरणावरून वादास तोंड फुटले. फेब्रुवारी 1960 मध्ये सीमाभागाच्या प्रशासनासाठी उत्तरकाशी, चमोली आणि पिथौरागढ हे तीन जिल्हे नव्याने निर्माण करण्यात आले. 1962 च्या युद्धाने व्यापार संपविला. त्याच वर्षी 24 ऑक्टोबर रोजी भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची स्थापना झाली. जोशीमठ हे सेनेचे आणि या दलाचे महत्त्वाचे ठाणे बनले. मोटाररस्ता आला, त्याबरोबर छावणी, कार्यालये, गोदामे आणि बाजारही आला.

या बदलाचा ठसा जनगणनेत स्पष्ट दिसतो. 2011 मध्ये जोशीमठच्या 16,709 लोकसंख्येत 9,988 पुरुष आणि 6,721 स्त्रिया होत्या, म्हणजे हजार पुरुषांमागे 673 स्त्रिया. त्याच वर्षी संपूर्ण चमोली जिल्ह्यात हे प्रमाण हजारास 1,019 होते. एकाच जिल्ह्यातील या दोन आकड्यांत पहाडी अर्थकारणाचे सार आहे. खेड्यांतून पुरुष रोजगारासाठी मैदानात जातात, म्हणून जिल्ह्यात स्त्रिया अधिक. ठाण्याच्या गावात बाहेरून आलेले जवान, मजूर आणि कर्मचारी असतात, म्हणून तेथे पुरुष अधिक. 2001 ते 2011 या दशकात शेजारच्या पौडी आणि अलमोडा जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली आणि चमोलीची जेमतेम पावणेसहा टक्क्यांनी वाढली, पण जोशीमठ सुमारे एक चतुर्थांशाने वाढले. खेडी रिकामी होत असताना रस्त्यावरचे गाव फुगत होते. शाळा, दवाखाना, बँक आणि वीज जेथे आहे तेथे माणूस जाणारच. त्यास दोष देता येत नाही.

या वाढीस जमीन समर्थ होती काय, हा प्रश्न वेळीच विचारला गेला होता, हे या कथेतील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण आहे. स्विस भूवैज्ञानिक आर्नोल्ड हाइम आणि ऑगस्ट गान्सर यांनी 1936 मध्ये हा प्रदेश पाहिला आणि 1939 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात जोशीमठ प्राचीन दरडीच्या ढिगाऱ्यावर वसल्याचे नोंदविले. जुलै 1970 मध्ये अलकनंदेला विनाशकारी पूर आला. त्यानंतरच्या काळात जोशीमठच्या घरांना तडे जाऊ लागले. मार्च 1974 मध्ये जवळच्या रैणी गावात गौरादेवी आणि त्यांच्या सोबतच्या स्त्रियांनी झाडांना कवटाळून जंगलतोड थांबविली. ‘चिपको’ म्हणून ती घटना जगभर गाजली. पुढे गढवालचे तत्कालीन आयुक्त महेशचंद्र मिश्र यांच्या अध्यक्षतेखाली अठरा सदस्यांची समिती नेमण्यात आली आणि 1976 मध्ये तिने अहवाल दिला.

या अहवालाची भाषा साधी होती आणि शिफारशी खर्चिकही नव्हत्या. गाव मूळ खडकावर नसून वाळू आणि दगडांच्या साठ्यावर उभे आहे. म्हणून जमिनीची भारवहनक्षमता तपासल्याखेरीज मोठे बांधकाम करू नये. उतारावरचे मोठे दगड खणून अथवा सुरुंग लावून काढू नयेत. दरडीच्या क्षेत्रात झाडे तोडू नयेत, उलट लावावीत. पावसाचे आणि सांडपाण्याचे पाणी जमिनीत मुरू न देता पक्क्या गटारांतून खाली न्यावे. नदी डोंगराचा पायथा कापते, तेथे संरक्षण द्यावे. एवढेच. 1976 साली गाव लहान होते आणि ही सर्व कामे आवाक्यातील होती.

पुढे काय झाले ते सांगावयास फार शब्द लागत नाहीत. औलीचे स्कीइंग केंद्र विकसित झाले आणि जोशीमठपासून तेथवर रोपवे झाला. फुलांची दरी आणि हेमकुंड साहिब येथे जाणाऱ्यांची वर्दळ वाढली. बदरीनाथचा यात्रेकरू आता पायी नव्हे तर मोटारीने येतो, आणि 2023 च्या यात्राकाळात बदरीनाथचे दर्शन घेणाऱ्यांची संख्या अठरा लाखांवर गेली. अलकनंदेवरील 400 मेगावॅटचा विष्णुप्रयाग प्रकल्प 2006 मध्ये सुरू झाला. धौलीगंगेवर एनटीपीसीच्या 520 मेगावॅटच्या तपोवन-विष्णुगाड प्रकल्पाचे काम चालू झाले. डिसेंबर 2009 मध्ये या प्रकल्पाचा बोगदा खणणाऱ्या यंत्राने जमिनीतील जलसाठा फोडला आणि सुरुवातीस दररोज सहा ते सात कोटी लिटर पाणी वाहून जाऊ लागले. 2010 मध्ये दोन तज्ज्ञांनी एका शास्त्रीय नियतकालिकात यावर लिहून जोशीमठला धोका असल्याचा इशारा दिला. 7 फेब्रुवारी 2021 रोजी ऋषिगंगा आणि धौलीगंगेच्या प्रलयात दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली अथवा बेपत्ता झाली. त्यांत मजुरांची संख्या मोठी होती.

2 जानेवारी 2023 च्या रात्री मारवाडी भागात जमिनीतून अचानक गढूळ पाणी फुटले आणि त्याच सुमारास घरांच्या भेगा वेगाने रुंदावल्या. 5 जानेवारीस परिसरातील मोठी बांधकामे थांबविण्यात आली. उपग्रहांच्या साहाय्याने केलेल्या मोजणीत 27 डिसेंबर ते 8 जानेवारी या अवघ्या बारा दिवसांत जमीन 5.4 सेंटिमीटर खचल्याचे आढळले. भेगा पडलेल्या इमारतींची संख्या 868 वर गेली, त्यांपैकी 181 असुरक्षित क्षेत्रात होत्या. केंद्रीय भवन अनुसंधान संस्थेने नऊ प्रभागांतील 2,364 इमारती तपासल्या. 37 टक्के वापरण्यायोग्य, 42 टक्के अधिक तपासणी आवश्यक, 20 टक्के वापरास अयोग्य आणि 1 टक्का पाडण्याजोग्या, असे तिचे वर्गीकरण होते. 30 नोव्हेंबर 2023 रोजी केंद्राच्या उच्चस्तरीय समितीने जोशीमठच्या पुनर्बांधणीसाठी 1,658.17 कोटी रुपयांच्या योजनेस मान्यता दिली.

कारणांविषयी मतभेद आहेत आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. स्थानिक लोक बोगद्याकडे बोट दाखवितात. कंपनीचे म्हणणे असे की बोगदा शहराखालून जात नाही. सरकारी संस्थांच्या अहवालांत सैल जमीन, पाण्याचा निचरा नसणे आणि अनिर्बंध बांधकाम यांवर भर आहे. हे अहवाल कित्येक महिने लोकांपुढे आले नाहीत. उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर सप्टेंबर 2023 मध्ये ते प्रसिद्ध झाले. माझ्या मते, ज्या माहितीवर माणसाचे घर अवलंबून आहे ती त्याच्यापासून दूर ठेवण्याने भीती कमी होत नाही, फक्त विश्वास कमी होतो. आणि विश्वास नसेल तर उद्या खरोखरच घर सोडण्याची वेळ आली तरी माणूस ते सोडावयास तयार होत नाही.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक हिशेब मांडून पाहावासा वाटतो. मलनिस्सारणाची सोय असलेल्या शहरासाठी माणशी दररोज 135 लिटर पाणी हे आपल्याकडील प्रचलित प्रमाण आहे, आणि त्यातील सुमारे 80 टक्के पाणी सांडपाणी होते असे धरले जाते. 16,709 माणसांसाठी हे पाणी सुमारे साडेबावीस लाख लिटर होते, आणि सांडपाणी अठरा लाख लिटर. ज्या गावात बहुतांश घरांचे पाणी शोषखड्ड्यांत जाते, तेथे हे पाणी शेवटी त्याच सैल उतारात मुरते. शिवाय हा हिशेब फक्त कायम रहिवाशांचा झाला. यात्राकाळात हॉटेलांत उतरलेला पाहुणा, रस्त्याच्या कामावरचा मजूर, पुढच्या चौकीवर जाताना थांबलेली तुकडी हे सगळे पाणी वापरतात. त्यांच्यासाठी नळ असतो, पण कोष्टकात रकाना नसतो. देशाची मुख्य गणना फेब्रुवारीत होते, जेव्हा यात्रा बंद असते. 1900 साली सप्टेंबरात मोजल्यामुळे गाव लहान दिसले. आज फेब्रुवारीत मोजल्यामुळे ते पुन्हा लहान दिसते.

हा केवळ सांख्यिकीचा बारकावा नाही. नगरपालिकेस मिळणारे अनुदान, पाणीपुरवठ्याची योजना, सफाई कामगारांची मंजूर पदे, या सर्वांचा पाया जनगणनेचा आकडा असतो. जो बोजा मोजला जात नाही, त्यासाठी तरतूदही होत नाही. गाव सोळा हजारांचे धरून गटारे बांधावयाची आणि हंगामात त्याच्या कितीतरी पट माणसे उतरवावयाची, हा आपल्या सर्व डोंगरी गावांचा नेहमीचा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट लहान निर्णयांची. जोशीमठात कोणीही ‘गाव बुडवू या’ असा निर्णय घेतला नाही. एकाने घरावर दुसरा मजला चढविला, एकाने अंगण विकून लॉज बांधला, एका खात्याने रस्ता रुंद केला, दुसऱ्याने गोदाम उभारले. प्रत्येकाचा लाभ त्याच्या स्वतःच्या पदरात पडला आणि प्रत्येकाच्या वजनाचा, मुरलेल्या पाण्याचा खर्च संपूर्ण उतारावर विभागला गेला. खर्च ज्याच्या माथी पडतो तो आणि लाभ ज्यास मिळतो तो, हे दोघे भिन्न असले की असेच होते. यावर उपाय बाजार देत नाही, नियमन द्यावे लागते. ते नियमन कोणी द्यावयाचे? घरबांधणीची परवानगी एकाकडे, छावणीचा कारभार दुसऱ्याकडे, सीमारस्ता तिसऱ्याकडे, वीजप्रकल्प चौथ्याकडे, वन पाचव्याकडे, देवस्थान सहाव्याकडे. मिश्र समितीचा अहवाल या सर्वांना लागू होता, म्हणूनच तो कोणालाच बंधनकारक झाला नाही. ज्या शिफारशीपुढे एका अधिकाऱ्याचे पद आणि एक तारीख लिहिलेली नसते, ती फाइलीत सुखाने निवृत्त होते.

याचा अर्थ सीमेवरचा रस्ता करू नये अथवा वीज निर्माण करू नये, असा मुळीच नाही. सीमेची गरज खरी आहे. चारधाम रस्त्याची रुंदी वाढविण्यास सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये परवानगी दिली ती संरक्षणाचीच गरज ध्यानात घेऊन. परंतु ज्या ठाण्यावर सीमेची मदार आहे ते ठाणेच खचत असेल, तर उताराचे पाणी बाहेर काढणारे गटार हेही संरक्षणाचेच काम ठरते. ते तोफेपेक्षा स्वस्त आहे. त्याचे उद्घाटन कोणी करीत नाही, एवढाच त्याचा दोष.

विस्थापनाचाही विचार प्रामाणिकपणे करावयास हवा. फेब्रुवारी 2023 मध्ये राज्य सरकारने नुकसानभरपाईचे धोरण ठरविले. इमारतीचे दर लवकर ठरले, जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न मागे राहिला. मैदानातल्या माणसास वाटते की पैसे मिळाले, दुसरीकडे घर बांधावे. पण जोशीमठच्या दुकानदाराची मिळकत ही त्या वळणावर, त्या रस्त्यावर आहे. नव्वद किलोमीटर खाली त्याला घर मिळेल, गिऱ्हाईक मिळणार नाही. हमालाची, खोली भाड्याने देणाऱ्या विधवेची, चहाच्या टपरीची नोंद मालमत्तेच्या यादीत येतच नाही. पुनर्वसनात घर मोजले जाते. उपजीविका मोजावयाचे राहून जाते. लोक धोका पत्करूनही परत त्याच भेगाळलेल्या घराकडे जातात ते अज्ञानामुळे नव्हे. त्यांनी आपला हिशेब आपल्यापुरता अचूक मांडलेला असतो.

आता काय करता येईल? पहिली गोष्ट, डोंगरी आणि यात्रेच्या गावांसाठी कायम लोकसंख्येबरोबर हंगामातील कमाल लोकसंख्येची अधिकृत नोंद व्हावी आणि अनुदान दोन्हींच्या आधारे द्यावे. जून 2025 च्या अधिसूचनेने पुढील जनगणनेचा संदर्भदिनांक 1 मार्च 2027 आणि हिमाच्छादित भागांसाठी 1 ऑक्टोबर 2026 असा ठरविला. बर्फासाठी आपण वेगळी तारीख मान्य करतो, तर यात्रेसाठी एक वेगळा रकाना मान्य करणे अशक्य नाही. यात्रेकरूंची नोंदणी होतच असते, केवळ ती माहिती नगरनियोजनाशी जोडावयाची आहे. दुसरी गोष्ट, भारवहनक्षमतेचा अभ्यास हा सल्ला न राहता बांधकाम परवानगीची कायदेशीर अट व्हावी, आणि ती सरकारी खात्यांनाही तितकीच लागू असावी. तिसरी, पुनर्बांधणीच्या खर्चात पाण्याचा निचरा आणि मलनिस्सारण यांना पहिला क्रम असावा. चौथी, प्रत्येक शिफारशीचा एक जबाबदार अधिकारी असावा आणि वर्षातून एकदा, नागरिकांसमोर, काय झाले आणि काय झाले नाही ते त्याने वाचून दाखवावे.

हा विषय दूरच्या हिमालयाचा आहे असे मराठी वाचकाने समजू नये. जुलै 2014 मध्ये माळीण आणि जुलै 2023 मध्ये इर्शाळवाडी आपण पाहिली. सह्याद्रीचा दगड निराळा, पाऊस निराळा, पण उतारावरचा माणूस आणि त्याच्याविषयीची आपली कार्यपद्धती एकच आहे. आधी इशारा, मग विसर, मग दुर्घटना, मग समिती, मग पुन्हा विसर.

मिश्र समितीने अहवाल दिला तेव्हा जे मूल जोशीमठच्या शाळेत पाटी घेऊन जात होते, ते आज साठीकडे झुकले आहे. त्याने आयुष्याची कमाई घालून बांधलेल्या घराच्या भिंतीवर 2023 मध्ये लाल रंगाची फुली मारली गेली असण्याची शक्यता आहे. त्याला 1976 चा अहवाल कोणी वाचून दाखविला नव्हता. पुढच्या जनगणनेत जोशीमठचा जो आकडा येईल तो वाढलेला असो वा घटलेला, त्याच्या शेजारी ही गोष्ट लिहून ठेवावी लागेल. आकडा गाव किती मोठे झाले एवढेच सांगतो. त्या गावाला कोणी काय सांगितले आणि काय सांगितले नाही, ते नोंदविणे हे प्रशासनाचे काम आहे.